एका नटावरची भिस्त

साध्या मोटारीचं चाक चार-पाच नटांवर बसतं. एखादा सैल झाला तरी बाकीचे भार सांभाळतात. पोर्शे ९११ जीटी-३ सारख्या गाडीत मात्र सगळी भिस्त मधोमध बसलेल्या एकाच नटावर असते. तो ६०० न्यूटन-मीटर जोराने आवळावा लागतो, म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला साठेक किलोचा माणूस लोंबकळावा इतका! आट्यांना ठरलेलं ग्रीस लावायचं, एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने नट आवळून, थोडा सैल करून पुन्हा आवळायचा, आणि आतली सुरक्षा-कळ जागेवर बसली का ते डोळ्यांनी पाहायचं. ही रचना शर्यतीतून आली, तिथे चाक बदलताना सेकंदसुद्धा मोलाचा. पण तिथेही २०२१ साली मोनॅकोच्या शर्यतीत फॉर्म्युला वन चालक बोटासच्या मर्सिडीजचा नट पिटस्टॉपमध्ये असा झिजला, की ते चाक कारखान्यात नेल्यावरच निघालं. मला ही रचना असुरक्षित वाटत नाही. तिला घाई मात्र मुळीच खपत नाही. अशी गाडी बाळगणाऱ्यांना कळकळीची विनंती: योग्य पाना नसलेल्या कुणाच्याही हाती हे चाक देऊ नका, आणि ते बसवताना स्वतः शेजारी उभे राहा.