जुन्या टेलिफोनचा जीर्णोद्धार आणि पुसलेले पाठभेद

जुने लष्करी फील्ड टेलिफोन जमवून ते पुन्हा बोलते करणाऱ्यांचा जगभर पसरलेला एक कष्टाळू संप्रदाय आहे. अमेरिकेचा ईई-८, जर्मनीचा १९३३ सालचा बेकेलाइटच्या पेटीतला नमुना, सोव्हिएत टीए-५७ ही त्याची दैवते. त्यांच्या कौशल्याविषयी आमची तक्रार नाही. आक्षेप आहे तो ‘पूर्ववत केला’ या शब्दांना. पूर्ववत म्हणजे नेमका कोणत्या दिवसासारखा? कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवसासारखा, असे बहुतेकांचे गृहीतक दिसते. म्हणजे ज्या काळामुळे ही वस्तू जपण्याजोगी ठरली तो काळच गाळायचा आणि उरलेल्या कोऱ्या पेटीला इतिहास म्हणायचे!

यंत्र साधे आहे. बोलण्यापुरते दीड व्होल्टचे एक-दोन सेल. पलीकडची घंटा वाजवायला तेवढी वीज पुरत नाही, म्हणून पेटीतच हाताने फिरवायचे छोटे जनित्र, मॅग्नेटो. दांडी गरगर फिरवली की ऐंशी-शंभर व्होल्टच्या आसपासचा प्रवाह तारेतून जातो. दुरुस्ती करणारा गळलेल्या सेलचा क्षार खरवडतो, ओलीने चिकटलेले मायक्रोफोनमधले कार्बनचे कण मोकळे करतो, कुजलेल्या तारा बदलतो. इथवर कोणाची हरकत असू नये. पण मग रंग येतो. खिळ्याने कोरलेली कुणाची आद्याक्षरे, अर्धवट खोडलेला तुकडीचा क्रमांक, झाकणावरचा पेन्सिलीचा हिशेब, सारे पॉलिशपेपरखाली जाते. हेमाडपंती देवळाच्या दगडाला ऑइलपेंट फासणारे विश्वस्तही त्याला जीर्णोद्धारच म्हणतात.

आपण साहित्याचे लोक. आपल्याला हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. परंतु आपण शुद्धी केली हे शकासह ग्रंथाच्या शेवटी नोंदवले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने प्रक्षिप्त ठरवलेला मजकूरही फेकून दिला नाही, तो तळटीपांत आणि परिशिष्टांत राहिला. संपादकाशी भांडण्याची सोय संपादकानेच वाचकाला करून ठेवली. टेलिफोनच्या संग्राहकाची ‘आवृत्ती’ मात्र तळटीपेविना निघते. कोणता भाग मूळ, कोणता गेल्या महिन्यात बसवलेला, कोणती खूण पुसली, काही कळायला मार्ग नाही.

एकच उदाहरण पाहावे. जर्मन टेलिफोनच्या झाकणात, शब्द फोडून सांगण्यासाठी, अक्षरांचा तक्ता असे. जर्मनीत १९३४ साली अशा अधिकृत तक्त्यातून दाविद, नाथान, सॅम्युएल ही ज्यू नावे काढून डोरा, नॉर्डपोल, झीगफ्रीड हे शब्द घालण्यात आले. म्हणजे हा तक्ताच एक छाटलेली संहिता आहे. जिथे वंशसंहाराची भाषा एका मुळाक्षराइतकी साधी, नित्याची होते, ते हे स्थळ. संग्राहक तिथे कोरी करकरीत पट्टी चिकटवतो आणि अक्षरांचे वळण अस्सल साधले की नाही याची चर्चा करतो!

यापेक्षा गंभीर मौन त्या दांडीविषयीचे आहे. अल्जीरियाच्या युद्धात फ्रेंच सैन्याने हेच फील्ड टेलिफोनचे मॅग्नेटो कैद्यांच्या शरीराला जोडले; सैनिकी बोलीत त्याला ‘जेजेन’ असे लाडके नाव होते. १९५७ साली अल्जीयर्समध्ये हा छळ सोसलेल्या आँरी अलेग या पत्रकाराने तो पुस्तकरूपाने मांडला आणि १९५८ साली फ्रेंच सरकारने ते पुस्तक जप्त केले. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्यानेही टेलिफोनचा हाच उपयोग केला. ही जुनी गोष्ट आहे असे म्हणण्याचीही सोय राहिलेली नाही. युक्रेनविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०२३ साली रशियन ताब्यातल्या बंदिस्थानांत लष्करी टेलिफोनने विजेचे झटके दिले जात असल्याची नोंद केली आहे. त्याला तिथे ‘लेनिनला फोन’ म्हणत.

यावर ठरावीक उत्तर येते: यंत्र निर्दोष असते, विळ्यानेही खून होतो. विळा गवत कापतो आणि गळाही, हे खरेच. परंतु विळ्याचा संग्राहक पाहुण्यांसमोर गळा कापून दाखवत नाही. इथे मात्र जीर्णोद्धार सिद्धीस गेल्याचा पुरावा म्हणून दांडीच फिरवली जाते. कधी एखाद्या पोराच्या हातात तारेची दोन टोके देऊन गंमतही केली जाते, आणि त्या कौतुकात ती दांडी आणखी कुठे, कशासाठी फिरली हे सांगायचे राहून जाते. घंटा वाजवणारी वीज आणि किंकाळी काढणारी वीज एकच, दांडी एकच, फिरवण्याची रीतही एकच. मग वर्णनपत्रात व्होल्ट लिहायला जागा आहे आणि अल्जीयर्स लिहायला नाही, हे कसे?

कुणी म्हणेल, छंदाला इतके ओझे कशाला? छंदाला नकोच. पण हीच मंडळी आपल्या छंदाला ‘वारसा’ म्हणवून घेतात, प्रदर्शने भरवतात, शाळेतली मुले बोलावतात. तिथे पेटीशेजारी एक कागद ठेवावा, एवढेच आमचे मागणे आहे. बदललेले भाग कोणते, पुसलेल्या खुणा कोणत्या, तक्त्यातून कोणती नावे गेली आणि या जातीच्या यंत्राची दांडी कुठे कुठे फिरली. फार तर चार ओळी होतील. रंगाचा डबा याहून महाग पडतो.