मद्य, मोटार आणि युटाचा कायदा

गेल्या श्रावणात आमच्या शाळेच्या वादविवाद सभेत 'शिक्षा कडक केल्याने अपघात कमी होतील काय?' हा विषय ठेवला होता. तो का ठेवला होता, हे ह्या अंकाच्या वाचकांस सांगावयास नको; त्यापूर्वीच्या महिन्यात आठवीच्या वर्गातील एक बाक रिकामा झाला होता. अनुकूल बाजूच्या एका विद्यार्थ्याने मोठ्या आवेशाने सांगितले की, अमेरिकेत दारू पिऊन मोटार हाकणाऱ्यास थेट तुरुंगात धाडतात, म्हणून तेथे असले अपघात होत नाहीत. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. विधानाचा उत्तरार्ध मात्र खरा नव्हता. त्या देशात मद्यपी चालकांच्या अपघातांत आजही वर्षाकाठी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. शिवाय 'अमेरिकेचा कायदा' असा एक कायदाच नाही. प्रत्येक राज्याचा निराळा आहे. त्यांपैकी युटा राज्याचा कायदा आम्ही पुढे सवडीने पाहिला. त्यावरून आमचे जे मत बनले, ते येथे मांडीत आहोत.

युटा हे पश्चिमेकडील डोंगराळ व वैराण प्रदेशाचे राज्य. सॉल्ट लेक सिटी ही त्याची राजधानी. तेथे मॉर्मन पंथीयांची वस्ती मोठी असून त्या पंथात मद्य निषिद्ध आहे. अशा प्रांतात ह्या कायद्याची निकड इतरांपेक्षा कमीच, असे कोणासही वाटेल. तथापि १९८३ साली शंभर मिलिलिटर रक्तामागे ८० मिलिग्रॅम मद्यांश ही कडक मर्यादा देशात प्रथम घालणाऱ्यांत युटाच होते. आणि २०१७ साली कायदा करून ३० डिसेंबर २०१८ पासून ती ५० वर आणणारे पहिले राज्यही तेच.

ह्या आकड्याचा इतिहास मनोरंजक आहे. पूर्वी मनुष्य प्यालेला आहे की नाही, हे पोलीस त्याला सरळ रेषेवर चालवून किंवा तोंडाच्या वासावरून ठरवीत. आणि न्यायालयात 'मी प्यालो होतो, पण शुद्धीवर होतो' असे म्हणावयास आरोपी मोकळा असे. फुप्फुसांत रक्तातील मद्याचा काही अंश श्वासात उतरतो, ह्या गोष्टीचा उपयोग करून इंडियाना विद्यापीठातील प्राध्यापक रोला हार्गर ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात एक यंत्र तयार केले. चालकाने फुगा फुगवावयाचा आणि त्यातील हवा रसायनातून सोडावयाची, अशी त्याची योजना होती. १९५४ साली रॉबर्ट बोर्कनस्टाइन ह्यांनी रस्त्यावर वापरण्यास अधिक सोयीचे यंत्र काढले. १९३९ साली इंडियानाने कायद्यात पहिला आकडा घातला तो १५० चा. पुढे अनेक राज्यांत तो १०० झाला, मग ८०. झिंग डोळ्यांना दिसू लागण्याच्या कितीतरी आधी लक्ष फाकते व अंदाज चुकतो, हे जसजसे सिद्ध होत गेले, तसतशी रेषा खाली आली. परंतु शास्त्राने सांगितले आणि राज्यकर्त्यांनी ऐकले, असे मात्र झाले नाही. १९८० साली कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलीस मद्यपी चालकाने चिरडले. तिची आई कँडी लाइटनर हिने मातांची संघटना उभारली आणि देशाचे मन बदलविले. २००० साली केंद्रशासनाने, जे राज्य ८० ची मर्यादा स्वीकारणार नाही त्याच्या रस्त्यांच्या अनुदानात कपात होईल असे ठरविले, तेव्हा राहिलेली राज्येही एकेक करून वळली.

युटातील शिक्षा अशा आहेत. पहिल्या गुन्ह्यास निदान दोन दिवसांची कैद अथवा तितकी समाजसेवा, किमान ७०० डॉलर दंड व त्यावर अधिभार, आणि १२० दिवस परवाना स्थगित. दहा वर्षांत तिसऱ्यांदा सापडल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंग. एकवीस वर्षांखालील चालकाच्या अंगी मोजता येईल इतका मद्यांश आढळला तरी परवाना जातो. श्वास देण्याचे नाकारणाऱ्याचा परवाना पहिल्याच खेपेस दीड वर्ष जातो. कारण मोटार चालविण्यातच त्याने तपासणीस संमती दिली, असे कायदा मानतो. काहींच्या मोटारीत असे यंत्र बसवितात की, त्यात फुंकर घालून श्वास निर्मळ ठरल्याखेरीज गाडी सुरूच होत नाही.

आता आमच्या वादविषयाकडे वळू. ह्या शिक्षा २०१८ साली फारशा बदलल्या नाहीत; बदलली ती रेषा. आणि तरीही केंद्राच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, प्रवासाच्या मैलांच्या प्रमाणात धरलेले युटातील प्राणघातक अपघात २०१६ च्या मानाने २०१९ साली १९.८ टक्क्यांनी घटले होते. उर्वरित देशात ही घट ५.६ टक्के होती. पिणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले वर्तन बदलल्याचे सांगितले, आणि त्यातही मुख्य बदल हा की, परतीच्या वाहनाची सोय ते आधी करू लागले. मर्म येथेच आहे, असे आम्हांस वाटते. ८० च्या मर्यादेत मनुष्य पेले मोजीत बसतो; दोन चालतील, तिसरा नको, हे गणित प्यालेल्या मेंदूनेच करावयाचे असते! ५० वर ते गणितच मोडते. गाडी कोणी चालवावयाची, हे घरून निघतानाच ठरवावे लागते.

ह्यावर मोठा आक्षेप असा होता की, खरे प्राणघातक चालक १५० च्या वरचे असतात आणि हा कायदा जेवणासोबत थोडे घेणाऱ्या सभ्य गृहस्थास पकडतो. प्रवासी तर युटाकडे फिरकणारच नाहीत. प्रवासी फिरकले, आणि अटकाही बेसुमार वाढल्या नाहीत. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जेथे निम्मे शेजारी मद्यास शिवत नाहीत, तेथे असा कायदा रुजणे सोपे. एका राज्याच्या अनुभवावरून सगळ्या जगाचे अनुमान काढणे धाडसाचे होईल. दंडाविषयी तर आमची तक्रारच आहे. सातशे डॉलर धनिकास काहीच नव्हेत. पण जेथे कामावर जाण्यास मोटारीवाचून गत्यंतर नाही, तेथे मजुराचा परवाना गेला की चूल विझते. गुन्हा एक आणि शिक्षा दोन, असे हे होते. युटाने ह्याचे उत्तर दिलेले आम्हांस दिसले नाही.

आमच्या गोव्यात काय आहे? भारताच्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाने ही मर्यादा ३० मिलिग्रॅम ठरविली आहे. म्हणजे युटाहूनही खाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही. रेषाही आहे, शिक्षाही आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही एका लग्नास गेलो होतो. यजमानाने पेला पुढे केला, तेव्हा एक तरुण पाहुणा म्हणाला, "नको काका, आज गाडी माझ्याकडे आहे." त्यावर सगळ्या मंडपात हशा पिकला.