सासऱ्यांचे ऋण

आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी बेळगावच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवितात. पहाटे स्वयंपाक उरकून सातची बस गाठावी, दिवेलागणीस परतावे आणि मुले निजल्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडावा, असा त्यांचा नित्यक्रम. परवा मिस्सेनंतर त्या आम्हांस भेटल्या व म्हणाल्या, "फादर, वर्गात उभी राहिले की घर आठवते आणि घरी आले की वर्ग. दोन्हीकडे मी अपुरीच पडते."

ज्याने तान्हे मूल खांद्यावर घेऊन एकही रात्र जागून काढली नाही, त्याने अशा वेळी उपदेश करू नये, एवढे शहाणपण आम्हांस वयाबरोबर आले आहे. आम्ही इतकेच विचारले, "दिवसभर मुलांकडे कोण पाहते?"

"मामंजी आहेत ना!" त्या म्हणाल्या. घराला छप्पर आहे ना, असे म्हणावे तितक्या सहजपणे. तो 'ना' आमच्या मनातून जाईना, आणि आम्हांस मादाम मारी क्यूरी यांचे घर आठवले.

रेडियमचा शोध लावणाऱ्या या विदुषीचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांच्या सासऱ्यांचे मात्र क्वचितच कोणी घेते. डॉक्टर यूजेन क्यूरी हे व्यवसायाने वैद्य. १८९७ साली थोरली नात इरेन हिचा जन्म त्यांच्याच हातून झाला. त्याच महिन्यात त्यांची पत्नी निवर्तली आणि पुढे ते मुलासुनेच्या घरी राहावयास आले. सून प्रयोगशाळेत असे. शिवाय १९०० पासून सेव्र येथील मुलींच्या अध्यापन विद्यालयात ती शिकवू लागली. घरी नातीपाशी आजोबा असत.

१९ एप्रिल १९०६ रोजी प्राध्यापक पिएर क्यूरी पॅरिसच्या रस्त्यावर घोड्यांच्या मालगाडीखाली सापडून मरण पावले. इरेन आठ वर्षांची होती, धाकटी एव्ह दीड वर्षाचीही नव्हती. सॉर्बोन विद्यापीठाने पतीचे अध्यापन पत्नीकडे सोपविले. ५ नोव्हेंबर १९०६ रोजी, पतीने विषय जेथे सोडला होता नेमक्या तेथूनच, त्यांनी आपले पहिले व्याख्यान सुरू केले. तेथे शिकविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

पुत्र गेल्यावर त्या घरी राहण्याचे बंधन वृद्ध पित्यावर उरले नव्हते. तरी ते राहिले. पुढे सर्व कुटुंब पॅरिसबाहेरील सो या गावी गेले. सून रोज अर्धा तास आगगाडीने कामावर जाई आणि ऐंशीच्या घरातले आजोबा इरेनला झाडाफुलांची ओळख करून देत, काव्याची गोडी लावीत. हे डॉक्टर देवळाची पायरी चढणारे नव्हते, हे आम्ही लपवीत नाही. मित्र-प्राध्यापकांनीही एकमेकांच्या मुलांना आळीपाळीने शिकविण्याचा उपक्रम सुमारे दोन वर्षे चालविला. तरीही सारे सुरळीत होते असे नव्हे. दुःखाने मूक झालेली ती माता मुलींपुढे त्यांच्या पित्याचे नावही उच्चारीत नसे.

१९०९ साली फुप्फुसांच्या विकाराने म्हाताऱ्याने अंथरूण धरले. आजारी माणूस चिडखोर, उतावळा. सॉर्बोनचे वर्ग आणि प्रयोगशाळा सांभाळून उरलेला प्रत्येक क्षण सुनेने त्यांच्या उशाशी घालविला, त्यांचे मन रमविले. फेब्रुवारी १९१० मध्ये ते वारले. तेव्हा तिने कबर खणणाऱ्यांकडून पतीची शवपेटी वर काढविली, तळाशी सासऱ्यांची ठेवविली, तिच्यावर पतीची, आणि त्यावरची जागा स्वतःसाठी राखली. १९३४ साली त्याच कबरीत त्यांनाही ठेवण्यात आले. १९९५ साली पतिपत्नींच्या शवपेट्या सन्मानाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलविल्या गेल्या. वृद्ध डॉक्टर सो येथेच राहिले.

गेल्या रविवारी हे सारे आम्ही त्या भगिनीस सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग खाली पाहत म्हणाल्या, "फादर, मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मुलांना गोष्टीचे पुस्तक वाचून दाखविताना ते अगदी नाकाशी धरतात. आधी परीक्षा, मग उत्तरपत्रिका, मग नवे सत्र, असे करीत शस्त्रक्रिया दोन वर्षे आम्ही पुढे ढकलीत आलो. त्यांनी एकदाही आठवण दिली नाही."

येत्या बुधवारी शस्त्रक्रिया आहे. बाईंनी चार दिवसांची रजा टाकली आहे.