जबलपूर ते सिंगापूर : अंतर साडेतीन हजार किलोमीटर, प्रवास दिवसभराचा

जबलपूर : येथील सिव्हिल लाइन्स परिसरापासून सिंगापूरच्या चांगी विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ३,५५० किलोमीटर आहे. जेट विमानाला त्यासाठी पावणेपाच तास पुरेसे आहेत. तथापि थेट विमानसेवा नसल्याने डुमना विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशाला आधी पश्चिमेस मुंबई किंवा उत्तरेस दिल्ली गाठावी लागते आणि त्यानंतरच पूर्वेची वाट धरता येते.

मुंबईमार्गे हे अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर होते. दिल्लीमार्गेही बेरीज जवळपास तेवढीच येते. सव्वा हजार किलोमीटरच्या या वळशाने उड्डाणाचा वेळ अडीच तासांच्या आसपास वाढतो. उरलेला वेळ जमिनीवर जातो. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी हजर राहणे, सामानाची तपासणी आणि जोडविमानाची प्रतीक्षा यांत दिवस सरतो. जबलपूरहून दिवसाला मोजकीच विमाने सुटत असल्याने एक चुकले की संपूर्ण वेळापत्रक कोसळते. दोन टप्प्यांची तिकिटे स्वतंत्र काढली असतील, तर पहिल्या विमानाच्या विलंबाची झळ प्रवाशालाच सोसावी लागते.

सोयींचा अभाव हे यामागील कारण नाही. १० मार्च २०२४ रोजी पुणे आणि कोल्हापूरसोबत जबलपूरच्याही नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. इमारत उभी राहिली, परंतु विमानफेऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. अपुऱ्या विमानसेवेचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. धावपट्टी आणि टर्मिनल सरकार बांधू शकते. विमान कोठे पाठवायचे, हा निर्णय मात्र कंपन्या मागणी आणि नफा पाहून घेतात.

या शहराने याच्या नेमके उलट चित्रही पाहिले आहे. १८७० मध्ये मुंबईकडून आणि कोलकात्याकडून आलेले दोन लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले आणि ही दोन महानगरे प्रथमच रेल्वेने एकत्र आली. पुढे नागपूरमार्गे जवळचा रस्ता खुला झाल्यावर मुख्य वाहतूक तिकडे वळली. शहर जागच्या जागी राहिले, पण मार्ग बदलताच त्याचे महत्त्व बदलले.

अंतर आणि वेळ यांची फारकत करणारे आणखी एक कारण म्हणजे हवाई हद्दींचे राजकारण. दिल्ली ते कझाकस्तानमधील अल्माटी हे सरळ अंतर सुमारे १,६५० किलोमीटर, म्हणजे दिल्ली-चेन्नईपेक्षाही कमी आहे. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद करताच इंडिगोला अल्माटी आणि ताश्कंदची दिल्लीहून होणारी उड्डाणे स्थगित करावी लागली. वळसा घालून जाणारा मार्ग तिच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर होता.

जबलपूरपुढील अडथळा सीमेचा नसून वेळापत्रकाचा आहे, आणि म्हणूनच तो दूर होण्याजोगा आहे. सिंगापूरला थेट विमान मिळण्याइतकी मागणी येथे निर्माण होण्यास अवधी लागेल. मात्र मुंबई-दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांशी जुळणाऱ्या वेळेची एक भरवशाची फेरी आणि दोन्ही टप्प्यांचे एकच तिकीट एवढी सोय झाली, तरी प्रतीक्षेतील कित्येक तास वाचू शकतील.