जरी, तरी आणि हाउएव्हर

मराठीच्या प्राध्यापकाने इंग्रजी निबंधाविषयी लिहावे, याला आमचे इंग्रजीचे सहकारी अतिक्रमण म्हणतील. म्हणोत बापडे! पण दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पालक आमच्याकडेच येतात. "सर, चिरंजीव परदेशी जायचं म्हणतात. इंग्रजी निबंध लिहावा लागतो म्हणे. चांगले वजनदार शब्द असतील, तर एक यादी करून द्या ना!" यादी मागणारे हे गृहस्थ तसे व्यवहारी असतात. भाजीच्या पिशवीप्रमाणे शब्दांचीही पिशवी भरून नेता येते, एवढाच त्यांचा समज चुकलेला असतो.

प्रथम हिशेबाचेच बोलू. परदेशी शिक्षणासाठी पुष्कळ मुले आयेल्ट्स नावाची परीक्षा देतात. तीत चाळीस मिनिटांच्या अंदाजाने निदान 250 शब्दांचा एक वादनिबंध लिहायचा असतो. त्याचे गुण चार बाबींना सारखे वाटलेले असतात: प्रश्नाला नेमके उत्तर दिले का, विचारांची सांगड नीट बसली का, शब्द कसे वापरले आणि व्याकरण कसे आहे. म्हणजे शब्दांच्या वाट्याला रुपयातले चार आणे! आणि ते चार आणेही शब्द लांबलचक असल्याबद्दल मिळत नाहीत. तो जागच्या जागी बसला असेल तरच मिळतात.

'आर्ग्युमेंट' म्हटले की आपल्याला भांडण आठवते. त्या शब्दाचे लॅटिन मूळ मात्र 'स्पष्ट करणे, सिद्ध करणे' अशा अर्थाचे आहे. आपल्या शास्त्रकारांनी याची रीतही घालून दिली आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे. मग त्याचे उत्तर. आणि शेवटी सिद्धांत. इंग्रजी वादनिबंधाची उपयुक्त शब्दावली या तीन खणांत लावून ठेवली, की ती पाठ करावी लागत नाही. आपोआप हाताशी येते.

शाळेत मोबाइलला बंदी असावी की नाही, हा विषय घेऊ. तुमचे मत बंदीच्या बाजूचे आहे, असे धरा. तरी सुरुवात 'इट इज ऑफन आर्ग्यूड दॅट' अशी करून, मोबाइलमुळे मुलाला घरी संपर्क साधता येतो, हे विरोधकाचे म्हणणे मांडावे. तेही त्याला मान डोलवावीशी वाटेल इतक्या प्रामाणिकपणे. मग त्यातले खरे असेल ते 'ॲडमिटेड्ली' किंवा 'इट इज ट्रू दॅट' म्हणून पदरात घ्यावे. एवढे झाले की 'हाउएव्हर' किंवा 'नेव्हरदलेस' म्हणून गाडी आपल्या रस्त्याला वळवावी. येथे 'इट डझ नॉट फॉलो दॅट' हे पाच शब्द फार कामाचे आहेत. 'म्हणून अमुक ठरते असे नव्हे' हा त्यांचा अर्थ. संपर्क हवा, हे खरे. म्हणून तासाला बाकावर मोबाइल हवा, असे होत नाही! शेवटी 'देअरफोर' किंवा दोन्ही बाजू तोलून 'ऑन बॅलन्स'. संपला निबंधाचा सांगाडा.

आता शब्दांच्या ताकदीविषयी. ताकद विशेषणात असते, असा आपला भ्रम आहे. 'व्हेरी'च्या जागी 'एक्स्ट्रीमली' घातल्याने वाक्य फक्त लठ्ठ होते. बळकट होत नाही. बळ असते क्रियापदात. प्रत्येक वेळी 'सेज' लिहिण्यापेक्षा, म्हणणारा नेमके काय करतो आहे ते पाहावे. पुराव्यावाचून म्हणत असेल तर 'क्लेम्स', ठासून म्हणत असेल तर 'असर्ट्स', नाइलाजाने मान्य करीत असेल तर 'कन्सीड्स', नुसते सुचवीत असेल तर 'सजेस्ट्स'. 'डिनाय' आणि 'रिफ्यूट' यांत तर जमीनअस्मानाचे अंतर. पहिल्यात माणूस केवळ 'नाही' म्हणतो. दुसऱ्यात तो पुराव्याने खोडून काढतो. तसेच बोलणारा 'इम्प्लाय' करतो आणि ऐकणारा 'इन्फर' करतो. ही जोडी उलटी झाली, की परीक्षकाच्या कपाळाला आठी पडते.

आपल्या मुलांची एक चूक मात्र खास मराठी आहे आणि म्हणून ती माझ्या अखत्यारीत येते. आपल्याकडे 'जरी' आला की पाठोपाठ 'तरी' येतो. ज्याअर्थी-त्याअर्थी, जेव्हा-तेव्हा, सारा जोड्यांचा संसार! इंग्रजीत 'ऑल्दो' एकटाच प्रपंच करतो. आपण मात्र दयाबुद्धीने त्याच्या जोडीला 'बट' देऊन मोकळे होतो. एका वाक्यात दोहोंपैकी एकच ठेवावा. तसेच 'डिस्पाइट'च्या मागे 'ऑफ' लावू नये आणि 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट'. 'ऑन द काँट्ररी' आणि 'ऑन दि अदर हँड' ही भावंडेही जुळी नव्हेत. पहिले मागचे विधान उलटवते. दुसरे केवळ नाण्याची दुसरी बाजू दाखवते.

आणखी एक पथ्य. 'सर्व', 'नेहमी', 'कोणीही नाही' हे शब्द सभेत टाळ्या घेतात; निबंधात मात्र ते गळ्यातले लोढणे होतात. 'मोबाइलने सर्व मुले बिघडतात' म्हटले, की न बिघडलेला एक मुलगा उभा करून विरोधक तुम्हाला चीत करतो. त्यापेक्षा 'मे', 'टेंड टू', 'इन मेनी केसेस' असे शब्द घालून विधान सांभाळण्याइतके लहान करावे. हा भित्रेपणा नव्हे. ज्याला आपला किल्ला राखायचा आहे, तो तटबंदी झेपेल एवढीच बांधतो.

हे सारे तंत्र झाले. खरी अडचण वेगळीच आहे. मागे एका विद्यार्थिनीने याच विषयावरचा आपला निबंध मला दाखवला. तालुक्याच्या गावची, शालेय शिक्षण मराठीतून झालेली, हुशार मुलगी. निबंधात 'प्लेथोरा' होता, 'मिरिअड' होता. तिचे मत मात्र कुठेच नव्हते. मी विचारले, "तुला स्वतःला काय वाटतं, ते मराठीत सांग बघू." ती म्हणाली, "सर, आमच्या घरी तिघा भावंडांत एकच फोन होता. ज्या दिवशी तो भावाकडे असे, त्या दिवशी माझा अभ्यास मागे पडे. शाळेनं अभ्यास फोनवर दिला, तर ज्याच्याकडे फोन नाही त्याचं काय?"

"हे निबंधात का नाही?"

"फार साधं वाटलं, सर. आणि साधं इंग्रजी लिहिलं, की मी मराठी शाळेतली, हे कळेल ना!"

वाचकहो, शब्दांची यादी मागणाऱ्या प्रत्येकाच्या मनात थोडीफार ही भीती असते. इंग्रजीचा जाड पडदा ओढून आपण आपली शाळा, आपले घर, आपले गाव झाकू पाहतो. आणि त्याच पडद्याआड आपला सर्वांत भक्कम मुद्दाही झाकला जातो. त्या मुलीने तीच तीन वाक्ये सोप्या इंग्रजीत उतरवली. 'प्लेथोरा' गेला आणि निबंधात माणूस आला.

मराठी माणसाला इंग्रजीत वाद घालणे नवीन नाही. 1881 साली मराठी 'केसरी'बरोबर इंग्रजी 'मराठा' निघाला. 1888 साली सुरू झालेल्या 'सुधारक'चा इंग्रजी भाग गोखले सांभाळीत, मराठी भाग आगरकर. 1936 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या परिषदेसाठी जातिसंस्थेवर इंग्रजी भाषण लिहिले. परिषद रद्द झाली, तेव्हा ते त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले. गांधीजींनी त्यावर टीका केली. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीकाही छापली आणि सोबत आपले उत्तरही. पूर्वपक्षाचा याहून मोठा मान तो कोणता! ज्याचा मुद्दा पक्का असतो, त्याला विरोधकाचे शब्द लपवावे लागत नाहीत.

तेव्हा या सुट्टीत यादी नको, एक उद्योग करा. फराळ झाला की मुलाला इंग्रजी वृत्तपत्रातला एखादा अग्रलेख द्या आणि त्यातले सांधे तेवढे अधोरेखित करायला सांगा. कुठे मान्य केले, कुठे वळण घेतले, कुठे निष्कर्ष काढला? मग त्याच विषयावर आपले मत त्याने आधी मराठीत चार ओळींत लिहावे आणि तुम्ही त्याला विरोध करावा. अगदी मनापासून करा. त्या विरोधाला उत्तर सुचले, की पुढे 'हाउएव्हर' कुठे घालायचा, ते त्याला कोणी सांगावे लागणार नाही.