फिर्यादी की नुसता साक्षीदार?



कर्जत-खालापूरच्या वस्त्यांतली आपली माणसे फौजदारी केसमध्ये पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढली की चक्रावून जातात. मार आपण खाल्ला, फिर्याद आपण दिली, पण पुकारा होतो तो ‘सरकार विरुद्ध अमुक’ असा. आपले नाव साक्षीदारांच्या यादीत. साक्ष होईपर्यंत बाहेर बाकावर बसायचे. आत आपल्या बाजूने जो वकील बोलतो तो सरकारचा, आणि पुष्कळदा त्याने आपले तोंडही पाहिलेले नसते.

ही रीत इंग्रजांची. त्यांनी १८६१ साली आपल्याकडे पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता आणली. गुन्हा हा राज्याविरुद्ध, म्हणून एका बाजूला राज्य, दुसऱ्या बाजूला आरोपी आणि मध्ये पंचासारखा न्यायाधीश. पुढे १८९८, १९७३ अशा संहिता बदलल्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सांगाडा तोच राहिला.

युरोपात दुसरी परंपरा आहे. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्याचा तपास न्यायाधीशाच्या देखरेखीखाली होतो आणि पीडित माणूस खटल्यात पक्षकार म्हणून दाखल होऊ शकतो. त्याच्या वकिलाला कागदपत्रे पाहता येतात. जर्मनीत तर खून झालेल्याचे नातेवाईक सरकारी वकिलाच्या जोडीने सहफिर्यादी होतात. तिथे २००० ते २००६ या काळात वंशद्वेषाने पेटलेल्या टोळीने परदेशी वंशाच्या नऊ जणांना गोळ्या घातल्या. पोलिसांनी आधी मृतांच्या घरच्यांवरच संशय घेतला होता. म्युनिकमध्ये २०१३ ते २०१८ खटला चालला, तेव्हा त्याच घरच्यांच्या वकिलांनी भर कोर्टात पोलिसांना जाब विचारला.

आता खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका, सुधीर आणि रोशन हे दोन मुलगे यांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. ॲट्रॉसिटी कायद्याखाली मात्र गुन्हा शाबीत झाला नाही. हे सूडाचे प्रकरण, जातीचे नव्हे, असे कोर्ट म्हणाले. सारे घर गमावलेला माणूस त्या खटल्यात एक साक्षीदार होता. २०१७ साली ते गेले. स्वतःचा वकील उभा करता आला असता तर जातीचा पुरावा अधिक ठामपणे मांडला गेला असता, असे मला वाटते. निकाल फिरलाच असता असे मी म्हणणार नाही.

तेव्हापासून थोडे बदलले. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला सुटकेविरुद्ध अपील करता येते. २०१६ पासून ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५अ आले. आरोपीचा जामीन, शिक्षा, पॅरोल, प्रत्येक वेळी आपले म्हणणे ऐकलेच पाहिजे. राजस्थानातल्या एका प्रकरणात पीडिताला नोटीस न देता जामीन झाला, तो सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रद्द केला.

म्हणून सगळेच युरोपासारखे करा, असे कोणी म्हणाले तर सावध राहावे. मलीमठ समितीने २००३ मध्ये पीडिताला पक्षकार करा असे सुचवले, ते चांगलेच. पण त्याच अहवालात पोलीस अधीक्षकापुढचा कबुलीजबाब पुरावा धरावा अशीही शिफारस होती. चोरीचा आळ येऊन आपलीच पोरे ठाण्यात बसतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातला धोका सांगायला नको. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे इंग्रजी अमदानीतले कलम आपल्याला ढालीसारखे आहे.

आता कामाचे. एफ.आय.आर.ची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणे पोलिसांना बंधनकारक आहे. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये पीडित आणि साक्षीदारांना प्रवासखर्च व भत्ता मिळतो; अलिबागला गेल्याने हजेरी बुडते, तेव्हा तो सोडू नका. आणि सरकारी वकिलावर भरवसा नसेल तर १९९५ च्या नियमांतील नियम ४(५) खाली ज्येष्ठ वकील नेमून मिळावा, असा अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांतांकडे करता येतो. अर्ज लेखी द्या आणि पोचेवर शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.