पिशव्या शिवायला आलेला शिंपी

14 नोव्हेंबर 2025 च्या रात्री श्रीनगरजवळच्या नौगाम पोलीस ठाण्यात एका शिंप्याला बोलावले होते. जप्त केलेल्या स्फोटकांचे नमुने ज्या पिशव्यांत भरून सील करायचे, त्या त्याने शिवायच्या होत्या. फरिदाबादहून आणलेल्या या साठ्यात मोठा भाग अमोनियम नायट्रेटचा होता. अकरा वाजून गेल्यावर स्फोट झाला आणि नऊ माणसे गेली. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे तिघे, तपास यंत्रणेचा एक अधिकारी, गुन्हे शाखेचे दोन छायाचित्रकार, महसूल खात्याचे दोघे आणि तो शिंपी. तीसच्या आसपास लोक जखमी झाले, त्यांत बहुतेक पोलीसच. हा घातपात नसून अपघात आहे, असे पोलीस महासंचालकांनी दुसऱ्या दिवशी सांगितले.

मृतांची ही यादी पुन्हा वाचावी. तिच्यात बॉम्बशोधक व नाशक पथकाचा एकही माणूस नाही.

आपल्याकडे स्फोटकांचे प्रशिक्षण म्हटले की जाड सूट घातलेला जवान, श्वान आणि रोबो एवढेच डोळ्यांसमोर येते. ते पथक हवेच, पण ते पोहोचते सर्वांत शेवटी. आधी पोहोचतो तो ठाण्याचा हवालदार, मग मुद्देमाल लिहून घेणारा कारकून, फोटो काढणारा, पंच. या माणसांना कोण शिकवते? बहुतेक ठिकाणी अनुभव शिकवतो, आणि या कामात अनुभवाची किंमत फार मोठी पडते.

महाराष्ट्रात हा प्रश्न काश्मीरइतका दूरचा नाही. विहिरी, खाणी, रस्ते यांसाठी जिलेटिनच्या कांड्या आणि डिटोनेटर गावोगाव फिरतात. फेब्रुवारी 2021 मध्ये मुंबईत एका उद्योगपतीच्या घराजवळ उभ्या केलेल्या मोटारीत 20 कांड्या सापडल्या, त्याची देशभर चर्चा झाली. पण बेकायदा वाहतुकीत पकडलेल्या कांड्या एखाद्या तालुक्याच्या ठाण्यात येतात, तेव्हा कॅमेरे नसतात. कांड्या आणि डिटोनेटर एका खोलीत ठेवायचे नाहीत, विजेवर चालणाऱ्या डिटोनेटरजवळ मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरायचा नाही, जुन्या कांडीतून चिकट द्रव पाझरताना दिसला तर तिला हात न लावता मागे फिरायचे. एवढे समजायला तज्ज्ञ असावे लागत नाही. एका दिवसाच्या वर्गात ते प्रत्येक शिपायाच्या अंगवळणी पाडता येते.

स्थानिक पोलिसांना हे शिकवता येते का, याचे उत्तर गडचिरोलीत मिळते, पण ते रक्ताने लिहिले गेले आहे. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनी, दादापूरजवळ रस्त्याच्या कामावरची वाहने माओवाद्यांनी जाळल्याची बातमी आली आणि कुरखेड्याहून जलद प्रतिसाद पथक निघाले. जांभुळखेड्याजवळ रस्त्यातच भूसुरुंग होता. 15 पोलीस आणि वाहनचालक जागीच गेले. बातमी स्वतःच आमिष असू शकते, न तपासलेल्या रस्त्यावर गाडी घालायची नाही, हे तिथला पोलीस आज जाणतो. गडचिरोली पोलिसांच्या सी-60 या माओवादविरोधी पथकाच्या जवानांत तिथल्याच गावांतली मुले मोठ्या संख्येने आहेत. पायवाटेवरची उकरलेली माती किंवा जागा बदललेला दगड त्यांच्या नजरेला खटकतो, तो बाहेरून आलेल्याला दिसेलच असे नाही. मे 2024 मध्ये निवडणुकीच्या काळात टिपागडच्या डोंगरात स्फोटकांनी भरलेले सहा प्रेशर कुकर सापडले. ते उचलून ठाण्यात आणले नाहीत. बॉम्बनाशक पथकाने ते तिथेच, जंगलातच, उडवून दिले.

नौगामला मात्र साठा ठाण्यात आला, आणि तिथेच त्याचे नमुने घेतले जात होते. याला एकट्या पोलिसांना जबाबदार धरणे अन्यायाचे ठरेल. पुरावा शाबूत राहिला पाहिजे, नाहीतर आरोपी सुटेल, ही भीती त्यांच्या मनात आपल्याच न्यायव्यवस्थेने घातली आहे. पण आता कायदा बदलला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 नुसार न्यायालयापुढे आणलेल्या मालाचे विवरण 14 दिवसांत तयार करायचे, त्याची छायाचित्रे वा चित्रीकरण करायचे आणि पुढच्या 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. ते चित्रीकरण पुरावा म्हणून चालते. म्हणजे शेकडो किलो माल सांभाळत बसण्याची गरज नाही. चिमूटभर नमुना पुरे, बाकीचा निर्जन जागी नष्ट करावा. ही तरतूद ठाणेदाराला आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यालाही प्रशिक्षणात एकत्र बसवून शिकवली पाहिजे. एकाने अर्ज करायचा आणि दुसऱ्याने वेळेत आदेश द्यायचा, तर दोघांनाही धोका सारखाच कळलेला हवा.

शिकवणाऱ्यांची राज्यात वाण नाही. स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. पुण्याजवळ तळेगाव दाभाडेला केंद्रीय राखीव पोलीस दलाची आयईडी, म्हणजे जुळवाजुळव करून बनवलेली स्फोटके, हाताळण्याची खास संस्था आहे. दापोडीला लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या तिन्हींकडून प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात चार-पाच प्रशिक्षक तयार करून घेतले आणि त्यांनी ठाण्या-ठाण्यांत जाऊन वर्षातून एकदा उजळणी घेतली, तर खर्च फारसा नाही. त्या वर्गात न्यायवैद्यकचे तंत्रज्ञ आणि महसूलचे अधिकारीही बसले पाहिजेत. नौगामने तेही पुरेसे दाखवले आहे.

आणि पंच? आपल्याकडे पंचनाम्याला कोपऱ्यावरचा चहावाला, समोरचा किराणा दुकानदार उभा केला जातो. स्फोटकांच्या पंचनाम्यात त्यांना दूर अंतरावर, दोरीच्या बाहेर ठेवावे, चित्रीकरण दाखवून सही घ्यावी. पिशव्या शिवायच्या असतील तर त्या शिंप्याने आपल्या दुकानात शिवाव्यात आणि हवालदाराने जाऊन घेऊन याव्यात.